राग आला?

“म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही मला नक्की काय विचारलं होतंत, अप्पा?”

हेरंब ओगले अजून उंबऱ्यातच होता. खांद्यावरची पिशवी उतरवली नव्हती, घाम पुसला नव्हता, नमस्कारही करायचा राहिला होता.

आत चन्नवीरय्या अप्पा शेंगा फोडत बसले होते. समोर सूप, शेजारी टरफलांचा ढीग, पाठीमागे भिंतीला टेकवलेला तंबोरा. घटप्रभेच्या काठी या लहानशा गावात त्यांनी उभी हयात गाणं शिकवलं होतं, आणि त्याबद्दल बहुधा शेंगाच मिळाल्या होत्या.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“हेरंबा काय रे?”

“हो.”

“बा. कुंद्रु.”

एवढं कानडी हेरंबला येत होतं. तो बसला आणि लगेच उठला. बसवत नव्हतंच त्याला. पुण्याहून इथवर सगळा प्रवास त्याने असाच केला होता, सीटच्या कडेवर.

“आधी माझं उत्तर द्या, अप्पा.”

“पाणी पी.”

“उत्तर…”

“पाणी पी म्हटलो.”

तो पाणी प्यायला.

गोष्ट जुनी होती. मिसरूड फुटलं तेव्हा हेरंब इथे गाणं शिकायला येऊन राहिला होता. आवाज चांगला, आणि तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक. अप्पांनी त्याच्यापुढे मारवा ठेवला. मारवा जात्याच अस्वस्थ राग. षड्ज म्हणजे गाण्याचं घर, पण मारव्यात त्या घरी लवकर परतायची सोय नाही. अप्पांनी तर कहरच केला. पोरगा चढत चढत निषादाला पोचला की ते हात आडवा धरायचे. “थांब. अजून नाही.” पुढचा षड्ज अगदी समोर, आणि हा निषादावर खोळंबलेला. आठवडेच्या आठवडे हेच.

एका संध्याकाळी गावातली चार माणसं ऐकायला आली होती. त्यांच्यादेखतही अप्पांनी हात आडवा धरला. हेरंबची कानशिलं तापली. तरी तो सूर धरून राहिला. अप्पा त्याच्याकडे रोखून पाहत होते. मग म्हणाले,

“राग आला?”

“आला!” हेरंब ताडकन बोलला.

“मग जा.”

तो गेला. तंबोरा खाली ठेवला, वळकटी उचलली आणि निघाला. त्यानंतर तो कधीही गायला नाही. न्हाणीघरातसुद्धा नाही.

गाणं सोडलेल्या माणसाला दुसरं काहीतरी धरावं लागतं. हेरंबने भाषा धरल्या. भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, नाव कमावलं, आणि सगळं शहाणपण एकाच शब्दामागे लावलं. कॉलेजातली माणसं त्याला येताना पाहिलं की चहा अर्धा टाकून उठायची. राग या शब्दावर तो कुणालाही, कुठेही धरायचा.

आता तो अप्पांना धरून उभा होता.

“संस्कृतात रंज् धातू. रंगणं. कापडाला चढतो तो राग, ओठावर दिसतो तो राग. म्हणजे लाली. पालीत गेला की वासना. हिंदीत आसक्ती. मल्याळममध्ये चक्क प्रेम! आणि तोच शब्द बंगालीत आणि आपल्या मराठीत आला की संताप. डोळे लाल होतात म्हणून असेल…”

“शेंगा खा.”

“कानडीत, अप्पा? कानडीत राग म्हणजे फक्त गाण्यातला. संतापाला तुम्ही काय म्हणता?”

“सिट्टु.”

“सिट्टु!” हेरंबने हातावर हात आपटला. “गेल्या आठवड्यात वर्गात विजापूरच्या एका मुलीवर मी ओरडलो. ती गप्प झाली. मी विचारलं, राग आला का? तर म्हणते, मला गाणं येत नाही, सर.”

अप्पा खो खो हसले. त्यांचे पुढचे दोन दात आता नव्हते.

“हसू नका. त्या क्षणी मला उलगडलं. तुम्ही मला मारव्याबद्दल विचारलं होतंत. राग गळ्यात आला का, असं. मी उत्तर दिलं संतापाचं. तुम्हाला वाटलं, कालचं पोर छातीठोक सांगतंय की मला मारवा आला. हा शेफारला, याला आता काय शिकवायचं? म्हणून म्हणालात, जा. बरोबर ना? मी गर्विष्ठ नव्हतो, अप्पा. मी नुसता चिडलो होतो.”

“मोठंच काम केलास.”

“चेष्टा नको. एवढंच सांगा, हा घोटाळा होता. तुम्ही मला मनापासून हाकललं नव्हतंत. मग मी पुन्हा येईन. सुट्टी घेऊन येईन. तुमच्यासमोर बसेन… घ्याल का मला?”

बोलून झालं. त्याला हवं होतं ते एवढंच होतं. बाकीच्या भाषा नुसत्या वाटेतल्या होत्या.

अप्पांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला. तो बाजूला टाकला.

“आमची मंडळी मिरजेची होती,” ते म्हणाले. “तुला आठवते की.”

“काकू? हो.”

“जन्मभर तिला मराठीत विचारत आलो. राग आला काय, राग आला काय. आलेलाच असायचा.”

हेरंबचा पाय लागून फुलपात्र कलंडलं. उरलेलं पाणी सुपाखाली पसरलं.

“म्हणजे तुम्हाला दोन्ही अर्थ ठाऊक होते.”

“हं.”

“मग… मला कुठला विचारलात?”

“तुला कुठला आला होता?”

  संताप, असं हेरंब इतकी वर्षं सांगत आला होता. पण आता ती संध्याकाळ कानात यायला लागली. मारव्याचा कोमल रिषभ त्या दिवशी पहिल्यांदा जागेवर बसला होता. अंगात आग पेटली होती, आणि आवाज मात्र कधी नव्हे तो एकसंध लागला होता. संताप कुठे संपला आणि मारवा कुठे सुरू झाला?

“माहीत नाही!” तो ओरडला. “मला माहीत नाही, अप्पा! मला एवढंच माहीत आहे की तुम्ही जा म्हणालात. मी स्टँडवर बसून होतो. गोकाकची बस लागली तरी चढलो नाही. वाटलं, अप्पा कुणालातरी पाठवतील. कंडक्टरने शेवटी दंडाला धरून आत घेतलं…”

त्याचा आवाज फाटला. प्रोफेसरसाहेब बाहीने नाक पुसत होते, आणि त्याची त्यांना शुद्ध नव्हती.



“मी पण वाट बघितलो,” अप्पा हळूच म्हणाले. “तुझाच तंबोरा मांडीवर घेऊन छेडत बसलो. ती चार माणसं कंटाळून उठून गेली. मी छेडालोच होतो.”

“कशाला?”

“आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून.”

“मी? तुम्हीच तर मला…”

“किती बोलालास रे.”

अप्पांनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकत मागे सरकले, तंबोरा ओढला आणि तारा छेडल्या. खोली भरून गेली.

“जा म्हटलो तेव्हा तू कुठं होतास?”

“इथेच. तुमच्यासमोर.”

“तसं नव्हे. कुठल्या सुरावर होतास?”

 तारा वाजत होत्या. षड्ज, षड्ज, पुन्हा षड्ज. हेरंबने डोळे मिटून आठवलं.

“निषादावर,” तो पुटपुटला.

अप्पांनी मोकळा हात उचलला. आडवा धरला नाही. तळवा आभाळाकडे करून वर नेला, पोराने आता षड्जावर जावं म्हणून नेतात तसा.

हेरंब त्या हाताकडे बघत राहिला. 

“इतकी वर्षं तिथंच उभा होतास काय रे?” अप्पा म्हणाले. “पाय दुखले नाहीत?”