एका अंगावर तीन जादू

एका राज्यात सोमकेतू नावाचा राजा होता. अंगाने काडी. पण त्याची त्याला लाज नव्हती, कारण राजाने ओझं उचलायचं नाही अशी त्या राज्याची रीतच होती. बळाचं जे काही असेल ते सेनापती हैबतीच्या अंगावर. राणी मैनावती ही या हैबतीची धाकटी बहीण.

एकदा राणीने धुंडा मांत्रिकाला दरबारातून हाकललं. त्याने तिला भुयारात कोंडलं आणि भुयाराच्या तोंडावर मंतरलेली शिळा ठेवली. शिळा उचलली तर शाप मोडणार होता. पण ती रोज तीळतीळ खचत होती. कडेला वीतभर फट होती, तिच्यातून राणीला भाकरी जाई, वारा जाई. फट मिटली की राणीही गेली.

हैबती भिडला. शिळा ढिम्म.

मग त्याने वारुळातल्या नागाकडून गव्याचं कडं मागून आणलं. अंगच्या बळावर गव्याचं बळ चढलं, शिळा बोटभर हलली. डोहातल्या मगरीकडून तसलंच दुसरं आणलं, दुसऱ्या दंडात चढवलं. शिळा तेवढीच, बोटभर. तिसऱ्या खेपेला राक्षसिणीकडून हत्तीचा पट्टा आणला, कमरेला बांधला. शिळा गुडघाभर उठली आणि परत बसली. फट चार बोटांवर आली. हैबती मटकन खाली बसला.

चिंचेवरची साळुंकी म्हणाली, "हैबती, तू काय वरातीतला घोडा आहेस? दिसेल ते अंगावर?"

"टोमणा मागाहून मार. उपाय सांग."

"दोन्ही कडी एकाच जादूची. एका अंगावर एक जागं असलं की दुसरं झोपतं. पट्ट्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो बळात भर घालत नाही. अंगचं सगळं बाजूला सारतो आणि हत्तीचं बसवतो. तुझी तालीम त्याच्याखाली फुकट गेली, कडीही गेली. मल्लाला बांधा नाहीतर काडीला बांधा, पट्टा देईल तेवढंच देईल."

भुयारापाशी जमलेल्या सगळ्यांनी राजाकडे पाहिलं.

प्रधान म्हणाला, "महाराज, रीत नाही."

"मग रीतीला सांगा शिळा उचलायला," राजा म्हणाला. त्याने शेला बाजूला ठेवला आणि पट्टा बांधला. कमरेला दोन वेढे बसले.

हैबतीने एक कडं दंडात ठेवलं, दुसरं फटीतून आत सोडलं. "मैने, हे दंडात घाल. आतून खांदा लाव."

"दादा, इतके दिवस हे सुचलं नाही होय?"

"नाही सुचलं. लाव खांदा."

तिघांनी एका दमात जोर केला. शिळा उठली, कलंडली, फुटली. तिच्यातली विद्या धुरासारखी निघून गेली. धुंडा मांत्रिक त्याच घडीला साधा म्हातारा झाला आणि घरी जेवायला गेला.

राणी वर आली. खांदा खरचटला होता. तिने राजाचे तळहात उलटून पाहिले, त्यांवर फोड आले होते.

"दुखतंय का?"

"दुखतंय," राजा म्हणाला. हात मागे घेतले नाहीत.

कडी नागाकडे आणि मगरीकडे परत गेली, पट्टा राक्षसिणीच्या खुंटीवर गेला. रीत मात्र परत आली नाही. त्या राज्यात राजा आपला पाण्याचा घडा आपणच उचलतो. निम्मा सांडतो, पण उचलतो.