कोंडाबाईच्या मडक्यांची भरपाई

आमच्या तालुक्यातल्या एका गावात सटवाजी नावाचा एक भोळा गाडीवान होता. एकदा भरबाजारात त्यानं बैलांना 'थांब' म्हणायच्या ऐवजी 'चल' म्हटलं. बैल धन्यासारखेच आज्ञाधारक. त्यांनी कोंडाबाई कुंभारणीची सगळी मडकी तुडवली.

कोर्टात जज्जसाहेब म्हणाले, "बाईचं सहा हजारांचं नुकसान झालंय. महिन्याला पाचशे, बारा महिने भरून दे. हप्ता चुकला तर तुरुंग!"

सटवाजीनं शेळी विकली आणि पाचशे रुपये नेऊन कोंडाबाईच्या हातावर ठेवले. कोर्टात पैसे भरून घेणारा नाझर खवळला. "हातात दिलेस त्याला पुरावा काय? पुन्हा भर! द्यायचं ते इथे द्यायचं आणि पावती घ्यायची."

"चुकलंच माझं," सटवाजी म्हणाला. "आमची अक्कल गहाण ठेवायला नेली तर कुणी चार आणे द्यायचा न्हाई." त्याच्या बायकोनं, भागूनं, कानातली फुलं विकली. हप्ता भरला.

पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न होतं. सटवाजी आहेराचं लुगडं घेऊन कोर्टात गेला. नाझर काही लुगडं घेईना, हा काही पावतीवाचून हलेना. तिकडे अक्षता पडून गेल्या. बहीण कडाडली, "दादा, आहेर मांडवात द्येत्यात! धा माणसांत, नाव पुकारून!"

"चुकलंच माझं," सटवाजी म्हणाला.

पुढच्या हप्त्याला तो भर कोर्टात उभा राहिला आणि ओरडला, "सटवाजीमामांकडून कोंडाबाईस्नी रोख पाचशे रुपये आन् एक नारळ!" कोर्टात जमलेले आम्ही गावकरी हसलो. आम्हालाही अक्कल बेताचीच, म्हणून जरा मोठ्यानं हसलो.

जज्जसाहेब गरजले, "इथे कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!"

"चुकलंच माझं," सटवाजी मनातल्या मनात म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो सकाळपासून नाझरासमोर हाताची घडी घालून बसला. नोटा खिशात. कोणी काही विचारलं नाही. संध्याकाळी नाझर कुलूप लावून घरी गेला. हप्ता चुकला.

पोलीस दारात आले. भागू धाय मोकलून रडायला लागली. शेवटी कोंडाबाईलाच दया आली. ती कोर्टात म्हणाली, "सायेब, भोळा हाय, लबाड न्हाई. त्याला आत टाकून माझी मडकी भरून येनार हायत का?" जज्जसाहेबांनी एकवार सोडलं.

सटवाजीनं तंबाखू सोडली, दुसऱ्यांच्या विटा वाहिल्या आणि बारावा हप्ता भरला. घरी येऊन मोकळा श्वास घेतला.

भागू म्हणाली, "आवं, पयला हप्ता आपन दोनदा दिला की! पाचशे रुपये वर ग्येले. जावा, कोंडाबाईकडनं वसूल करून या."

सटवाजीनं विचार केला. दिले साडेसहा हजार, फोडली सहा हजारांची. म्हणजे पाचशेची फोडायची राहिली. त्यानं काठी घेतली आणि कोंडाबाईचं दुकान गाठलं.

"बाई, ह्यो माठ केवढ्याला?"

गिऱ्हाईक माठ वाजवून घेणार असं तिला वाटलं. "दीडशे."

फट्! सटवाजीनं घासाघीस केली नाही. तसलेच आणखी दोन फोडले. मग तीस रुपयांचं एक झाकण.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जज्जसाहेबांपुढे उभा होता. साहेबांनी विचारलं, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"सायेब, चारशे ऐंशीपतुर हिशेब चोख हुता. ईस रुपये उरले. बाईकडं सुटं नव्हतं, म्हनून मोठा रांजण फोडला. वरचं हप्त्यानं बांधून द्या."