सेफ्टी डोअर सताड उघडं

निवृत्त फौजदार दिगंबर नारकरांना घरात 'नाही' ऐकायची सवय नव्हती. मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायला गेले, तर कॉम्प्युटर सुरू होतानाच ओळख तपासणाऱ्या सिक्युअर बूटने अनोळखी म्हणून तो नाकारला.

"ते बंद कर," त्यांनी सुनेला, ऋजुताला, फर्मावलं. "माझ्या घरात मला अडवणारं ते कोण?"

तिची ऑफिसची सगळी कामं त्याच कॉम्प्युटरवर होती. "करते, अप्पा," म्हणत तिने आधी सेफ्टी डोअर सताड उघडं टाकलं.

थोड्याच वेळात एक पाण्याचे फिल्टर विकणारा थेट आत येऊन अप्पांच्या खुर्चीत बसला.

"कोण तुम्ही? कोणी पाठवलं?" अप्पा कडाडले.

"कॉम्प्युटरनेही त्या पेनड्राइव्हला एवढंच विचारलं, अप्पा," ऋजुता म्हणाली. "दोघांनाही घरात घ्यायचं का?"

अप्पांनी पेनड्राइव्ह काढला. मग विक्रेत्याकडे वळून म्हणाले, "चला, आता तुम्ही उठा."