थोरल्या सरकारांचं नाक

निंबगावचे इनामदार रणोजीराव यांनी दिवंगत वडिलांची पितळी मूर्ती करायचं मनावर घेतलं. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि त्यांचं चित्र एकही नव्हतं. रणोजीरावांनी सारजा ओतारणीला बोलावून बजावलं, "आधी मेणात घडव. हुबेहूब उतरली तरच पितळ ओतायचं. नाही उतरली, तर गाव सोडायचं."

सारजाने थोरल्या सरकारांना कधी पाहिलंच नव्हतं. ती विचारत सुटली.

इनामदार म्हणाले, "नाक गरुडासारखं."

त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, "छे गं, चांगलं बसकं होतं."

कारभारी विसोबा म्हणाले, "नाक काही आठवत नाही, पण हनुवटी दुहेरी."

पागोट्याच्या घड्या, मिशीचे केस सगळं कोरून झालं, पण नाक जमेना. तिने ते उंच केलं, दाबलं, पुन्हा उंच केलं. आठ दिवसांत तिचं डोकं गरगरलं. शेवटी कोणालाच न विचारता तिने चेहरा पुरा केला.

सदरेवर मूर्ती बघताच इनामदार कडाडले, "हे माझे वडील? हे फुगलेले गाल, हे चेपलेलं नाक! हा तर कुणी आळशी खादाड दिसतो!"

सारजा हात जोडून म्हणाली, "सरकार, तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्या. एकमत एकाच गोष्टीवर होतं, की आपण थोरल्या सरकारांची जिवंत छबी आहात. म्हणून मी आपल्याकडेच बघून घडवली."

इनामदारांचा हात हळूच स्वतःच्या नाकावर गेला. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

मग हात खाली घेऊन इनामदार म्हणाले, "डोळे मात्र करारी उतरलेत. ओत पितळ."