मेहुण्यांच्या जीपा आणि राऊबाचे बैल

"कुठली जीप जास्त ताकदीची, ते उद्या सकाळी सांग! पण इंजिन चालू करायचं नाही, गाडी जागची हलवायची नाही. सांगितलंस तर तुझ्या बापाची चाकरी राहील आणि बैलही राहतील. नाहीतर गुरुवारच्या बाजारात बैल विकलेच म्हणून समज!"

करंजवाडीचे राजेसाहेब एकदा बोलले की बोलले. समोर राऊबा गाडीवानाची मुलगी हौसा उभी होती. चूक म्हणाल तर तिचीच. गप्प बसायचं तर बसली नाही.

झालं होतं असं. राणीसाहेबांचे दोन भाऊ एकेक जीप घेऊन राजवाड्यावर येऊन बसले होते. थोरले हिंदूराव, त्यांची जीप लाल. धाकटे रणधीरराव, त्यांची हिरवी. दोन्ही जीपा चारही चाकांनी ओढणाऱ्या. राजेसाहेबांनी आपलीच जीप ठेवून घ्यावी म्हणून दोघे सकाळ-संध्याकाळ भांडत.

"माझा एक्सल बघा, पहारीसारखा जाड!" हिंदूराव म्हणत.

"जाड असून काय उपयोग, दादा? माझ्या गिअरबॉक्सला दोन दांडे आहेत. खालचा गिअर टाकला की भिंतीवर चढेल!"

"चढेल! मग उतरवायला शिडी आण!"

जीप कुठलीही राहो, राजेसाहेबांनी एक गोष्ट ठरवून टाकली. आता बैलगाडी नको, बैल नकोत आणि राऊबाही नको. राऊबानं हरण्या आणि मोऱ्याला वासरं असल्यापासून वाढवलेलं. तो घरी येऊन जेवलाच नाही. म्हणून हौसा तरातरा दरबारात गेली आणि म्हणाली, "सरकार, दोन जीपांतली धड कोणती ते अजून ठरंना, मग बैलांना कशाला घराबाहेर काढता?"

राजेसाहेबांना राग आला. "मोठी शहाणी! मग तूच ठरव!" असं म्हणून त्यांनी ती अट घातली.

हौसानं क्षणभर विचार केला. "ठरवते सरकार. पण एक करा. दोन्ही पाहुण्यांना सांगा, उद्या सकाळी दोन्ही जीपा बागेमागच्या ओढ्यातून काढायच्या. आत तुम्ही स्वतः बसणार."

"अगं, गाडी हलवायची नाही म्हणालो ना मी!"

"मी कुठं हलवते? तुम्ही नुसतं सांगा. आणि उद्या उन्हं वर यायच्या आधी माझ्यासंगं ओढ्यावर चालत या."

राजेसाहेबांनी सांगितलं. ऐकून दोघे मेहुणे एकमेकांची नजर चुकवत दोन दारांनी बाहेर सटकले. बागेमागचा ओढा म्हणजे नुसता काळा चिखल. म्हैस बसली तर तिची शिंगंच दिसत!

दुसऱ्या दिवशी राजेसाहेब छडी टेकत, कुरकुरत ओढ्यावर आले. जीपा राजवाड्यातच उभ्या होत्या. ओढ्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं.

"कुठं आहे तुझं उत्तर?"

"करवंदीच्या जाळीमागं बघा."

जाळीमागं राऊबा उभा! हातात दोरखंड, बाजूला हरण्या-मोऱ्या, गळ्यातल्या घुंगरांत गवत कोंबलेलं, आवाज नको म्हणून.

"राऊबा, तू इथं काय करतोस?"

राऊबा घाबरून म्हणाला, "सरकार, धाकट्या पाहुण्यांनी सांगितलं. जीप रुतली तर पटकन ओढून काढ, कुणाला कळू देऊ नको म्हणाले."

"आता तिकडं, आंब्यामागं बघा," हौसा म्हणाली.

आंब्यामागं पाटलाचा गडी उभा होता. त्याच्याजवळ बैलांच्या दोन जोड्या आणि हाताएवढ्या जाड कड्यांची साखळी!

"आणि तुला कुणी बोलावलं?"

"थोरल्या पाहुण्यांनी, सरकार. एका जोडीनं निघायची नाही म्हणाले."

तेवढ्यात बागेकडून हिंदूराव लपतछपत आले, बैल पोचले का बघायला. दुसऱ्या वाटेनं रणधीररावही आले, त्याच कामाला. दोघे एकमेकांवर आदळले आणि वर बघतात तर समोर राजेसाहेब!

"दादा, तुम्ही इथं?"

"मी... सहज. हवा खायला!"

"हवा खायला दोन जोड्या लागतात व्हय, पाहुणं?" हौसानं विचारलं.

हिंदूराव लालबुंद झाले, पार त्यांच्या जीपेसारखे. "ही नुसती काळजी हो! शहाणा माणूस तयारीनिशी निघतो!"

"खरंय की! आपल्या गाडीत किती दम, ते धन्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?" हौसा राजेसाहेबांकडे वळली. "सरकार, धाकट्या पाहुण्यांना एक जोडी पुरेशी वाटली, थोरल्यांना दोन लागल्या. म्हणजे हिरवी जीप लाल जीपेपेक्षा दुप्पट ताकदीची. इंजिन चालू झालं नाही, गाडी हलली नाही. मी काही मनचं सांगितलं नाही. पाहुण्यांनीच सांगितलं!"

रणधीररावांनी मिशीला पीळ दिला. "बघितलंत ना? जिंकली माझी!"

"थांबा पाहुणं, मिशी जरा खाली घ्या," हौसा म्हणाली.

राजेसाहेबांच्या मिशा थरथरत होत्या, पण हसू अजून दाबून धरलं होतं. "मग सगळ्यात ताकदवान हिरवीच म्हणायची?"

"असं कसं सरकार? जीपांच्या मागं बैल उभे केले. आता या बैलांच्या मागं कुणी काय उभं केलंय का, तेवढं बघा!"

राजेसाहेबांनी खरंच वळून बघितलं. बैलांच्या मागं काहीच नव्हतं. मोऱ्यानं शेपटी उडवली आणि निवांत रवंथ चालू ठेवलं.

मग मात्र राजेसाहेब असे हसले, असे हसले की छडी हातातून निसटून चिखलात गेली. हसता हसता त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून हौसाच्या हातात ठेवला आणि ओरडले, "राऊबा! ती घुंगरं आधी मोकळी कर! बैल विकायचे नाहीत, तूही कुठं जायचं नाहीस. जा, गाडी जुंपून आण. मी बैलगाडीतनंच घरी जाणार! आणि मेहुणेसाहेब, तुम्ही दोघं मागनं चालत या. चिखल फार आहे, सांभाळून. रुतलात तर हाक मारा!"