मानाजीरावांची हाक

सोनगिरीच्या दरबारात न्यायाधीश भास्करपंतांचं मन जवळजवळ ठरलं होतं: पोर बापाला द्यायची. समोर सरदार मानाजीराव उभे होते. पदरी दुसरं मूल नाही, म्हणून ते आता लेक मागायला आले होते. दुसऱ्या बाजूला सगुणा, चिमा पोटात असतानाच त्यांनी टाकलेली बायको, माहेरी घोंगड्या विणून जगणारी. चिमा लाकडी फळ्यांच्या जमिनीवर पाठमोरी बसून सागरगोटे खेळत होती.

"लेक बापाची," मानाजीराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "लांब होतो, पण तिची खडान्‌खडा खबर ठेवलीय मी."

"तुमचं काय म्हणणं, बाई?" पंतांनी विचारलं.

"सरकार, त्यांनी तिला इथूनच जवळ बोलवावं, जमेल तसं. आली तर खुशाल न्यावी."

मानाजीराव हसले आणि त्यांनी हाक मारली. चिमा हलली नाही. मग ते असे गरजले की अंगणातले घोडे बिचकले. पोरीने शांतपणे सागरगोटा झेलला.

"आईने पढवून आणलीय," ते तणतणले.

सगुणेने फळीवर पाय आपटला. हादरा जाणवताच चिमा वळली आणि धावत येऊन आईला बिलगली.

"पढवली नाही, सरकार. ती जन्मापासून बहिरी आहे. आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे. खडान्‌खडा खबर ठेवणाऱ्यांपर्यंत तेवढंच पोचलं नाही."

भास्करपंत आसनावरून उतरून चिमासमोर उकिडवे बसले.

"तू आईकडेच राहणार," ते सगुणेला हळूच म्हणाले, "हे हिला कसं सांगायचं, तेवढं मला दाखवा."