दहाचा वारा

शके एकोणीसशे सेहेचाळीस. फाल्गुनाचा वद्य पक्ष. शाळू खळ्यावर आला होता आणि वाघझरीच्या राजेसाहेबांची विजेची मोटार भर सकाळी खिंडीच्या चढावर बंद पडली होती.

राज्य केव्हाच गेलं होतं. हट्ट राहिला होता. राजेसाहेबांनी पठारावर पवनचक्की उभारली, आठ विजेच्या मोटारी घेतल्या आणि वेशीवर पाटी लावली, 'येथे धूर होत नाही.'

ड्रायव्हर जोत्याजीची मुलगी हौसा बैल घेऊन आली. बैलांनी मोटार ओढून माथ्यावर काढली.

"पोरी, हे ऋण आमच्यावर राहिलं," राजेसाहेब म्हणाले. तेवढ्यात गढीमागून काळा धूर उठला!

"दिवाणजी, हे काय?" सामोऱ्या आलेल्या दिवाणजींना त्यांनी विचारलं.

"डिझेलचा जनरेटर, सरकार. रोज सकाळी दहाला मोटारी चार्जिंगला लावतो. त्या वेळी वारा नसतो. काल जनरेटरही रुसला, म्हणून ही मोटार अर्धीच भरली."

वाऱ्यावर रागावता येईना. राजेसाहेब जोत्याजीवर रागावले.

"उद्या दहाला वारा हजर कर! डिझेलचा थेंब जळाला, तर नोकरी गेली समज!"

जोत्याजीनं हात जोडले. हौसा म्हणाली, "मी आणते वारा. पण सरकार, आमच्या खळ्यावर माणूस नाही. उद्या दहाला दिवाणजींनी आमचा शाळू उपणून द्यावा."

"देतील!"

दुसऱ्या दिवशी दहाला, राजेसाहेबांच्या देखत, दिवाणजी कोट घालून वावडीवर, उपणणीच्या उंच तिवईवर चढले. शाळूनं भरलेली पाटी डोक्याबरोबर धरली, शाळू ओतला. दाणे आणि भुसा एकाच ढिगात पडले. उरला भुसा दिवाणजींच्या मिशीत बसला.

"सरकार, वाऱ्याशिवाय कुठं उपणणी होते काय!"

"मग कधी होते?" हौसानं विचारलं.

"दिवेलागणीला! वारा तेव्हा सुटतो. माणूस जेवतं ताट सारून वावडीवर चढतो. शेंबडं पोरही सांगेल!"

"आणि दिवेलागणीला मोटारी कुठं असतात?"

"कुलपात. किल्ली माझ्या कमरेला. गढीचा नियम आहे."

"त्या वेळी पवनचक्की काय करते?"

"गरगरा फिरते."

"कुणासाठी?"

दिवाणजी मिशी झाडू लागले.

"सरकार," हौसा म्हणाली, "शाळूसाठी माणूस वाऱ्याची वाट बघतो. मग मोटारीसाठी वाऱ्यानं दिवाणजींची वाट का बघावी?"

राजेसाहेब पोट धरून हसले. खळ्यावरच्या चिमण्या उडाल्या!

"दिवाणजी, किल्ली जोत्याजीला द्या! तो जनरेटर विका, येईल ते पोरीला द्या. आणि तुम्ही खाली उतरा. तिन्हीसांजेला पुन्हा चढायचंय!"

त्या संध्याकाळी वारा सुटला. शाळू स्वच्छ झाला. आठही मोटारी भरल्या.

सकाळी पोत्यांनी लादलेली हौसाची गाडी खिंडीच्या पायथ्याशी आली. राजेसाहेब मोटार घेऊन तिथं उभेच होते. त्यांनी बैल सोडायला लावले, स्वतः दोर बांधला. मोटारीनं गाडी माथ्यावर ओढून नेली. बैल मागून मोकळे चालत आले.

राजेसाहेबांनी दोर सोडला. ऋण फिटलं.